कूलंट गळते म्हणून सुटे भाग बदलत सुटण्याआधी या चुका टाळा

एप्रिल उजाडला की माझ्याकडे एकाच प्रकारच्या तक्रारी येऊ लागतात. गाडी पाणी खाते, दिवे घाटात काटा वर जातो, रेडिएटर बदलला, वॉटर पंपही बदलला, तरी पाणी खातेच. मी व्यवसायाने मेकॅनिक नाही. एक मारुती ८०० आणि एक १९९७ची झेन अशा दोन जुन्या गाड्या मी कोथरूडमधील आमच्या इमारतीच्या आवारात स्वतः सांभाळतो आणि ओळखीच्या लोकांच्या गाड्यांखालीही वाकून पाहतो. नाना पेठेतून सुट्या भागांची पिशवी भरून आणणाऱ्या या मंडळींपैकी जवळजवळ कोणीही एक साधी गोष्ट केलेली नसते: थंड इंजिनावर, कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, वाटेत हातपंपाने दाब भरून तो टिकतो का, हे पाहिलेले नसते.

दाबाला इतके महत्त्व का, हे आधी समजून घ्यावे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे येथे उघड्या भांड्यातील पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. जुन्या छोट्या मारुती गाड्यांच्या रेडिएटरच्या झाकणावर बहुधा ०.९ हा आकडा असतो, म्हणजे ते झाकण सुमारे १३ पीएसआय (चौरस इंचाला १३ पौंड) दाब धरून ठेवते, आणि तेवढ्या दाबाखाली साधे पाणीसुद्धा ११७ अंशांच्या पुढेच उकळते. कूलंट मिसळलेले असेल तर आणखी वर. दाब गेला की हा सगळा मोकळा पल्ला जातो, आणि घाटात जे इंजिन नुसते तापायचे ते उकळू लागते. म्हणून गळती आणि दाब हे दोन वेगळे आजार समजू नयेत.

माझा सर्वांत जास्त राग आहे तो बाटलीकडे पाहून निश्चिंत होण्यावर. बॉनेट उघडायचे, रेडिएटरला जोडलेल्या पांढऱ्या प्लास्टिकच्या बाटलीतील पातळी खुणेपर्यंत आहे असे पाहायचे आणि बॉनेट आपटून निघायचे, ही सवय मलाही होती. झेन घेतल्यानंतरच्या पहिल्याच मे महिन्यात साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात काटा लाल रेषेला टेकला. बाटली तर काठोकाठ भरलेली होती. तेव्हा माझी गाडी ज्या गॅरेजकडे जात असे, तेथे आधी रेडिएटर बदलला, महिन्याने वॉटर पंप बदलला, आणि तरीही तेच झाल्यावर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्या मधले पातळ सील, गेले असे सांगून हेड उतरवण्याचा दिवसही ठरवला. त्या दिवशी सकाळी गाडी नेण्यापूर्वी सहज बॉनेट उघडले, तर रेडिएटरचा वरचा होज, म्हणजे रबरी नळी, कोणी बोटांनी दाबून धरावा तसा चपटा झालेला दिसला. झाकण उघडताच हवा आत शिरल्याचा आवाज आला, होज फुगून पुन्हा गोल झाला, आणि आत पाहिले तर पाण्याची पातळी चांगली चार बोटे खाली होती.

दोष झाकणात होता. या झाकणात दोन झडपा असतात. मोठी झडप ठरलेल्या दाबापलीकडचे गरम पाणी बाटलीत सोडते. मधली छोटी झडप इंजिन थंड होताना उघडते आणि तेच पाणी परत ओढून घेते. माझ्या झाकणातील छोटी झडप क्षाराने चिकटून बसली होती. पाणी बाहेर जात होते, परत येत नव्हते, आणि शेवटी कुठल्या तरी सांध्यातून हवाच आत ओढली जात होती. शंभर-सव्वाशे रुपयांच्या झाकणाने जे काम झाले, त्यासाठी मी रेडिएटर आणि पंप या दोन्हींचे पैसे मोजून बसलो होतो. तेव्हापासून रविवारी सकाळी, इंजिन रात्रभर थंड झाल्यावर, मी रेडिएटरचेच झाकण उघडून आत बोट घालून पाहतो. बाटली ही केवळ साक्षीदार आहे, आणि तीही कधी कधी खोटी साक्ष देते. गरम इंजिनाचे झाकण मात्र उघडू नये, फडके गुंडाळूनही नाही.

दुसरी चूक म्हणजे जेथे थेंब पडला तेथेच गळती आहे असे मानणे. पंख्याचा वारा पाण्याला मागे ढकलतो, पाणी इंजिनाच्या कडेने वाट काढते आणि गिअरबॉक्सच्या बुडाशी येऊन टपकते. वॉटर पंपाचे सील जाऊ लागले की त्याच्या खालच्या बारीक भोकातून पाणी पाझरते, परंतु ते पट्ट्यावर पडून चहूकडे उडते, आणि पाहणाऱ्याला होज फुटल्यासारखे वाटते. बारीक गळती तर गरम इंजिनावरच वाळून जाते व खाली काहीच पडत नाही. मागे राहतो तो पांढरट किंवा हिरवट चरचरीत थर, आणि तोच शोधायचा असतो. डिसेंबरात, पहाटेचा पारा दहा-बारा अंशांवर असताना, कडक झालेल्या होजची क्लिप सैल पडून पाणी गळते आणि इंजिन तापताच गळती आपोआप बंद होते, त्यामुळे दुपारी गॅरेजमध्ये नेलेली गाडी निर्दोष ठरते. एसीचे पाणी पाहून घाबरणारेही भेटतात. ते नितळ, बिनवासाचे असते. मी रात्री गाडीखाली खोक्याचा मोठा पुठ्ठा सरकवतो आणि सकाळी डागाचा रंग, वास आणि जागा पाहतो. सांडलेले कूलंट लगेच पुसावे, कारण ते गोडसर आणि विषारी असते, आणि आपल्याकडे गाडीखाली कुत्री-मांजरे झोपतात.

दाब तपासण्याचा हातपंप कोणाकडून मागून आणला, तरी उतावीळ माणूस त्याचेही वाटोळे करतो. झाकणावर ०.९ लिहिलेले असताना जास्त दाब दिल्याने गळती लवकर सापडत नाही, जुन्या रेडिएटरची प्लास्टिकची टाकी मात्र तडकते. तेवढाच दाब भरावा आणि वीस मिनिटे थांबावे. मी तेवढ्यात घरी जाऊन चहा घेतो, कारण शेजारी उभे राहिले की पुन्हा पुन्हा पंप मारण्याचा मोह होतो. पंपावरचा काटा खाली आला तर टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन आधी क्लिपा, मग पंप, मग रेडिएटरच्या टाकीची कड, आणि शेवटी ब्लॉकच्या मागचे कोअर प्लग, म्हणजे ब्लॉकची भोके बंद करणाऱ्या धातूच्या चकत्या, पाहावेत. बाहेर कुठेही ओल नसताना काटा उतरत असेल, तर डाव्या सीटसमोरचा गालिचा हाताने चाचपावा. हीटरची जाळी गळत असेल तर तो ओला लागतो, आणि समोरच्या काचेवर आतून तेलकट वाफ धरते. झाकण वेगळे तपासावे.

गालिचाही कोरडा असेल, तेव्हाच हेड गॅस्केटकडे वळावे. थंड इंजिन सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांतच वरचा होज दगडासारखा कडक झाला, तर संशयाला जागा आहे, कारण इतक्या लवकर पाणी तापून दाब तयार होत नाही. तो सिलिंडरमधून येतो. रेडिएटरच्या तोंडावर निळे द्रावण धरण्याची चाचणी करवून घ्यावी. जळालेला वायू पाण्यात येत असेल तर पेट्रोल गाडीत ते पिवळे पडते. हे काहीही न करता हेड उतरवा म्हणणाऱ्याकडून गाडी परत आणावी.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून टाकणे हा उपाय नव्हे. शहरातल्या छोट्या फेऱ्यांत इंजिन तापतच नाही, पेट्रोल जास्त लागते, आणि मूळ दोष पुढच्या उन्हाळ्यापर्यंत लपून राहतो. रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा जुना तोडगा रस्त्यात अडकल्यावर घर गाठण्यापुरता ठीक, पण घरी आल्यावर ती सगळी धुऊन काढावी लागते, आणि तेवढे कष्ट कोणी घेत नाही. बोअरचे पाणी घालू नये. रंगावरून कूलंट ओळखू नये, डब्यावरचे वाचावे. दाब टिकत नाही म्हणून जास्त आकड्याचे झाकण लावणे हा शुद्ध अविचार आहे.

दुरुस्तीनंतर पाणी भरून लगेच कात्रजकडे निघणारेही पुष्कळ असतात, आणि आत अडकलेल्या हवेमुळे बोगद्याआधीच परत येतात. मी गाडी चढाला तोंड करून उभी करतो, हीटर पूर्ण गरमवर ठेवतो, झाकण काढूनच इंजिन सुरू करतो आणि बुडबुडे थांबेपर्यंत थोडे थोडे कूलंट घालत राहतो. मग झाकण लावून पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत थांबतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी थोडी उतरलेली दिसते, ती उरलेल्या हवेची असते, म्हणून तेवढी भरून घ्यावी. तिसऱ्या सकाळीही उतरलेली दिसली, तर नवे सुटे भाग आणायला न जाता हातपंप पुन्हा लावावा.