वैनगंगेकाठी लाकडी नावा दुरुस्त करायला शिकताना

भंडारा जिल्ह्यातल्या वैनगंगेकाठच्या आमच्या गावात मी मुळात बंड्या, म्हणजे बैलगाड्या, आणि चौकटी करणारा वाढई. ढिवर बांधवांच्या मासेमारीच्या नावा दुरुस्त करणे मी तिशीत, एका वयस्कर मिस्त्रींच्या हाताखाली शिकलो. या कामात येऊ पाहणाऱ्याने हत्यारे घेण्याआधी नाव कुठे कुजते ते ओळखायला शिकावे.

सतत पाण्याखाली असलेला तळ सहसा लवकर कुजत नाही, कारण लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओलाव्याबरोबर हवाही लागते. म्हणून जिथे फळी आळीपाळीने भिजते आणि वाळते, त्या पाणरेषेवर व पावसाचे पाणी साचणाऱ्या आतल्या कोपऱ्यांत ती आधी जाते. समुद्रातल्या गलबतांना पोखरणाऱ्या किड्यांचा त्रास आपल्या नदीत नाही, पण मिठामुळे बुरशीला बसणारा आळाही इथे नाही. मिस्त्री हातोडीने फळी ठोकत पुढे सरकायचे. धड लाकूड खणखणीत वाजते, कुजलेले बद्द. गंजलेल्या खिळ्याभोवती काळा डाग दिसला की ते तिथे हटकून टोचा रुतवून पाहत.

माझी मोठी चूक सांधे भरताना झाली. मे महिन्यात काठावर तापून फळ्या आक्रसल्या होत्या, आणि रुंदावलेल्या फटींत मी राळ व तेलात भिजवलेल्या कापसाचा पीळ ठासून बसवला. नाव पाण्यात उतरवल्यावर तिसऱ्या दिवशी फळ्या फुगल्या, त्यांना पसरायला जागाच उरली नव्हती, आणि एक फळी खिळ्यांसकट उचलली गेली. त्या घराचा मासेमारीचा आठवडा वाया गेला, हे मला अजून लागते.

फळीसाठी साग महाग पडला तरी तोच घ्यावा, कारण त्याच्या अंगात तेल असते आणि ओल्या-सुक्यात तो बऱ्याच लाकडांपेक्षा कमी फुगतो-आक्रसतो. मात्र बाहेरचा पांढुरका भाग काढून गाभ्याचीच फळी वापरावी. बल्लारशा किंवा आलापल्लीच्या वन आगारातला माल व्यापाऱ्याकडून घेताना पावती आणि वाहतुकीचा परवाना मागून घ्यावा. फायबरच्या नावा आल्यापासून एवढ्या कामावर घर चालत नाही, तेव्हा चौकटींचे काम सोडू नये.

आता मी वाळलेल्या नावेत पीळ हलक्या हाताने बसवतो, नाव दोन दिवस उथळ पाण्यात बुडवून ठेवतो, मग पाणी उपसून सांध्यांवरून बोट फिरवतो आणि जिथे ओल झिरपते तेवढीच जागा पुन्हा भरतो.