रेनडिअर दिसला की होणाऱ्या चुका

उत्तर स्वीडनमध्ये अबिस्को ते हेमावान अशी सुमारे 440 किलोमीटरची कुंग्सलेडेन नावाची पायवाट आहे. तिच्यावर चालताना माळावर रेनडिअर दिसले, की ‘जंगली जनावर दिसलं!’ म्हणून आपण हरखतो. पहिली चूक तीच. स्वीडनमधल्या रेनडिअरना मालक आहेत. कानाच्या कापखुणांवरून ते कळतं. (रानटी कळप बघायचे तर नॉर्वेच्या हार्डांगरविड्डा पठारावर जावं लागेल.) कुंपण दिसत नसलं तरी तो डोंगर म्हणजे सामी या तिथल्या मूळनिवासी समाजातल्या पशुपालकांचं चराऊ रान. स्वीडनमध्ये त्यांच्या 51 ‘सामेबी’ आहेत. एकत्र चराई करणाऱ्यांची संघटना आणि तिचं क्षेत्र, असा दोन्ही मिळून त्या शब्दाचा अर्थ.

फोटोसाठी ‘अजून दोनच पावलं’ पुढे जाणं किंवा ड्रोन उडवणं फार महागात पडतं, आणि किंमत मोजतो कळप. मे महिना विणीचा. मादी बिथरून पळाली आणि पाडस मागे राहिलं, तर ते उपाशी मरू शकतं. कळप समोर आलाच तर खाली बसा, गप्प राहा, त्याला जाऊ द्या. मागे पशुपालक हाकत येत असतील तर वाटेतून लांब सरका.

उन्हाळ्यात उरलेल्या बर्फाच्या पट्ट्यावर कळप उभा दिसतो. डास आणि गोमाश्यांपासून सुटका म्हणून तो तिथे येतो. आपल्याला मात्र नेमका तिथेच बर्फात खेळायचा मोह होतो! तो पट्टा त्यांच्यासाठी सोडा.

हिवाळ्यात त्यांचं मुख्य खाणं म्हणजे बर्फाखालची लायकेन, आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाची नातेवाईक. ती वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढते. ती खुराने उकरून खायची आणि अंगातली ताकद जपत वसंतापर्यंत तग धरायचा, असा त्यांचा हिवाळा. त्यात स्नोमोबाइलने एकदा पळवलं, तरी जपलेली ताकद खर्च होते.

कुत्रा बरोबर असेल तर पट्टा सोडू नका. नॉर्वेत 1 एप्रिल ते 20 ऑगस्ट हे कायद्यानेच बंधनकारक आहे. रेनडिअरच्या कुंपणाचं फाटक उघडलंत तर मागे लावून घ्या.

गाडी चालवताना रस्त्याकडेच्या खांबाला काळी प्लास्टिकची पिशवी लटकलेली दिसली, तर तो कचरा समजू नका. जवळपास कळप आहे, अशी ती पशुपालकांनी ठेवलेली खूण असते. वेग कमी करा. एक रेनडिअर रस्ता ओलांडून गेला म्हणजे मागे आणखी असणारच. धडक बसलीच तर जनावर पळून गेलं तरी जागेवर खूण करून पोलिसांना कळवा, म्हणजे जखमी जनावर शोधता येतं.

आणि एखाद्या सामी माणसाशी गप्पा जमल्या, तर ‘तुमचे रेनडिअर किती?’ हे तेवढं विचारू नका. बँकेत शिल्लक किती, असं विचारल्यासारखंच ते. आपल्याकडे रेल्वेत शेजारच्याला पगार विचारून होतो, तिथे नाही.