पायथन चालतो, पण पडद्यावर काहीच नाही?

समजा, गुळाच्या 10 किलोच्या रव्यांचा हिशेब करणारी फाइल आहे. रन केली, एररही नाही, उत्तरही नाही. आधी फाइल सेव्ह करा. व्हीएस कोड या एडिटरमध्ये टॅबवर गोल ठिपका दिसला तर बदल सेव्ह झालेले नाहीत. मग पहिल्याच ओळीत, डावीकडे जागा न सोडता, एक प्रिंट, म्हणजे पडद्यावर मजकूर दाखवणारी आज्ञा, टाका. तो मजकूरही उमटला नाही, तर तुम्ही भलतीच फाइल चालवताय.

उमटला, तर बहुतेक वेळा दोष एकच: 'डेफ' लिहून हिशेबाचं फंक्शन बनवलं, पण त्याला बोलावलंच नाही. डेफ म्हणजे नुसती कृती लिहून ठेवणं. चूल पेटते ती कॉल केल्यावर. फाइलच्या शेवटी फंक्शनचं नाव आणि त्यापुढे कंस लिहा. कंस विसरलात तर पायथन गप्पच राहतो, तक्रारसुद्धा करत नाही. ही ओळ अगदी डाव्या कडेला हवी. चार स्पेस आत गेली की ती फंक्शनचाच भाग होते आणि कधीच चालत नाही.

कॉल आहे, तरी शांतता? फंक्शन उत्तर रिटर्न करत असेल, म्हणजे न दाखवता नुसतं परत देत असेल, तर तो कॉल प्रिंटमध्ये गुंडाळा. एरर पकडणाऱ्या 'एक्सेप्ट'खाली नुसता 'पास' (काहीच करू नको) असेल तर त्याच्या जागी 'रेज' लिहाच, खरी एरर तो 'पास'च गिळतो. कर्सर लुकलुकत थांबला असेल, तर बिचारा पायथन बहुधा तुमच्या इनपुटची वाट पाहतोय. आकडा टाकून एंटर दाबा.