पोरगं सगळीकडे खेळतं म्हणता? मग पोझिशन ठरवताना या चुका टाळा

दर ऑगस्टला तेच. सीझनआधीचा सराव कॅम्प सुरू झाला की कुठल्यातरी कॉलेजात एक फ्रेशमन (पहिल्या वर्षाचा) येतो, हायस्कूलला क्वार्टरबॅक (पास फेकणारा) खेळलेला, सेफ्टी (सगळ्यात मागचा डिफेंडर) खेळलेला, समोरच्यांनी लाथाडलेला बॉल घेऊन पळायचं कामही (पंट रिटर्न) करणारा, रिक्रूटिंगवाल्यांनी त्याच्या नावापुढे पोझिशनच्या जागी नुसतं 'अ‍ॅथलीट' लिहून ठेवलेलं, आणि मग कोच, बाप, काका आणि फॅन मंडळी मिळून त्याचं पहिलं वर्ष मातीत घालतात. (हेल्मेटवाल्या अमेरिकन फुटबॉलबद्दल बोलतोय, मेस्सीवाल्यांनी इथूनच परत फिरा.) शिकत असताना मी कॉलेज टीमच्या व्हिडिओ क्रूमध्ये काम करायचो, दिवसा प्रॅक्टिस शूट करायची आणि रात्री क्लिपा कापून त्या त्या कोचला द्यायच्या, त्यामुळे हे प्रकार फार जवळून बघितलेत. आता इकडे टेक्सासमध्ये आपल्या मंडळींची पोरंही हायस्कूलच्या टीममध्ये दिसायला लागलीत आणि "दादा, कॉलेजला याला कुठे खेळवतील?" असं विचारणारे फोन येतात, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

थोडं इकडे, थोडं तिकडे

ही सगळ्या चुकांची आई. "पोरगं गुणी आहे, सगळीकडे थोडं थोडं वापरू." ऐकायला छान. पण कॉलेज फुटबॉलमध्ये प्रत्येक पोझिशन ग्रुपची मीटिंग रूम वेगळी, कोच वेगळा, खुणा वेगळ्या, आणि सगळ्या मीटिंगा एकाच वेळी चालू असतात. रिसीव्हरच्या (पास पकडणाऱ्यांच्या) रूममध्ये बसलेला पोरगा सेफ्टीच्या रूममध्ये काय शिकवलं ते ऐकूच शकत नाही. त्यात सीझन सुरू झाला की एनसीएएचा (कॉलेज खेळांची नियामक संस्था) आठवड्याला २० तासांचा नियम, त्यातच प्रॅक्टिस, फिल्म, वेट्स सगळं बसवायचं. म्हणजे दोन रूमवाल्या फ्रेशमनला दोन्हीकडचं अर्धं अर्धंच मिळतं. एक ना धड भाराभर चिंध्या.

आमच्याकडे एक पोरगा होता, सहा फूट एक इंच, २०५ पाउंड, पायात स्प्रिंग. कॅम्पच्या सुरुवातीला रिसीव्हर. मग कोणीतरी म्हणालं हा सेफ्टी आहे, तर सेफ्टी. मग दोन लाइनबॅकर (मधल्या फळीतले डिफेंडर) जखमी झाले, की लगेच "साइज आहे ना याच्याकडे" म्हणून खाली बॉक्समध्ये, म्हणजे पुढच्या गर्दीत, आणला. आता यातली गोम बघा. सेफ्टी दहा-बारा यार्ड मागे उभा राहतो, आणि आमच्या सिस्टिममध्ये त्याने समोरच्या टाइट एंडकडे (लाइनच्या टोकाला उभा, ब्लॉकही करतो आणि पासही पकडतो) बघायचं, टाइट एंड ब्लॉक करतोय की पास घ्यायला रूटवर सुटतोय यावरून रन का पास ते ओळखायचं. लाइनबॅकर चार-पाच यार्डांवर, त्याने गार्डकडे (समोरच्या लाइनमधला ब्लॉकर) बघायचं, गार्ड जिकडे तिकडे हा. पोराला लाइनबॅकरच्या ड्रिल्समध्ये गार्ड, गार्ड, गार्ड असं घोटवून घेतलं आणि जखमी मंडळी बरी झाल्यावर शनिवारच्या मॅचला परत सेफ्टीवर उभा केला.

समोरच्यांनी प्ले-अ‍ॅक्शन टाकली, म्हणजे रन दाखवून पास. गार्ड पुल झाला (जागा सोडून बाजूला पळाला), हा तीरासारखा पुढे आला, आणि टाइट एंड याच्या खांद्याजवळून निवांत मागे निघून गेला. टचडाउन. एंड झोनच्या कॅमेऱ्याची ती क्लिप रात्री मीच कापली. फ्रेम थांबवली की स्पष्ट दिसत होतं, हेल्मेटची जाळी टाइट एंडकडे नाहीच, सरळ गार्डकडे वळलेली. जे घोटवलं तेच त्याने केलं. आणि दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये कोचचं निदान काय, तर "पोराला इन्स्टिंक्टच नाही." अरे बाबा, दर चार दिवसांनी तू त्याची रूम बदलणार तर इन्स्टिंक्ट येणार कुठून, आभाळातून?

पुढच्या वर्षी नवीन कोऑर्डिनेटर आला, त्याने वसंतातल्या (स्प्रिंग) पंधराच्या पंधरा प्रॅक्टिस पोराला सेफ्टीवरच ठेवलं, बाकी कोणाला हात लावू दिला नाही. हुशारी एवढीच. ऑक्टोबरपर्यंत पोरगा स्टार्टर.

तर माझं मत सरळ आहे, आधी एक घर द्या. एक रूम, एक कोच. दुसऱ्या बाजूचे चार-पाच प्लेज नंतर शिकवता येतात, पण घर पक्कं झाल्यावर.

प्रत्येकाला ट्रॅव्हिस हंटर समजणं

२०२४ ला कोलोराडोच्या हंटरने रिसीव्हर आणि कॉर्नर (समोरच्या रिसीव्हरला अडवणारा डिफेंडर) दोन्ही पूर्ण वेळ खेळून हाइझमन (कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूची ट्रॉफी) नेली, बऱ्याच मॅचेसमध्ये शंभरावर स्नॅप (एकेक डाव) खेळला, आणि तेव्हापासून प्रत्येक बापाला आपला पोरगा हंटर वाटायला लागलाय. तसा माणूस पिढीत एखादा. १९९७ ला हाइझमन जिंकणारा मिशिगनचा चार्ल्स वुडसन बघा, त्याचं घर कॉर्नर होतं, ऑफेन्समध्ये निवडक प्लेजपुरता यायचा. यूसीएलएचा माइल्स जॅक २०१३ ला फ्रेशमन असताना पॅक-१२ लीगचा ऑफेन्स आणि डिफेन्स दोन्हीकडचा बेस्ट फ्रेशमन ठरला, पण तो मुळात लाइनबॅकर, बॉल घेऊन पळणारे रनिंग बॅक जखमी झाले म्हणून सीझनच्या उत्तरार्धात बॉल त्याच्या हातात दिला. आणि एनएफएलमध्ये (प्रो लीगमध्ये) गेला तो लाइनबॅकर म्हणूनच.

याची दुसरी बाजू म्हणजे आयझेया सिमन्स. क्लेमसनला सेफ्टी म्हणून आला, पहिलं वर्ष रेडशर्ट (मॅच न खेळता पात्रतेचं वर्ष राखलं), मग हळूहळू लाइनबॅकर, २०१९ ला मैदानात जिथे उभा करतील तिथे खेळला आणि बेस्ट लाइनबॅकरचं बटकस अवॉर्ड घेतलं. २०२० ला एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) आठव्या नंबरवर निवडला गेला, आणि एनएफएलमध्ये याला नेमकं ठेवायचं कुठे यातच वर्षं गेली, २०२३ ला अ‍ॅरिझोनाने ड्राफ्टमधल्या सातव्या राउंडच्या एका पिकच्या (निवडीच्या हक्काच्या) बदल्यात त्याला जायंट्सकडे देऊन टाकलं. ज्याला कुठेही ठेवता येतं त्याला कुठेच धड ठेवत नाहीत, हे इतक्या वरच्या लेव्हलला होतं तर अठरा वर्षांच्या पोराचं काय.

हायलाइट बघून पोझिशन ठरवणं

हायलाइटमध्ये काय असतं, तर याच्यापेक्षा हळू पोरांना याने मागे टाकलेलं. त्यातून काही कळत नाही. मी प्रॅक्टिसच्या शेवटच्या भागाची फिल्म लावतो, सगळे दमलेले असतात तेव्हाची, आणि स्नॅपनंतरची फक्त पहिली दोन पावलं बघतो. एक पाऊल पुढे टाकून परत मागे घेतलं म्हणजे डोकं अजून विचार करतंय. कॉर्नर होणार म्हणता तर बॅकपेडलमधून (उलटं पळत असताना) वळताना कंबर एका झटक्यात फिरते का ते बघा, सरळ उभा राहून मग वळत असेल तर चाळीस यार्डांचा टाइम कितीही भारी असो, त्याला सेफ्टीवर घ्या. ही काही शास्त्रशुद्ध पद्धत वगैरे नाही, सवय आहे, पण मला तरी अजून चांगली सापडलेली नाही.

वजन वाढवायची घाई

"जे. जे. वॉट टाइट एंड होता, डिफेन्सिव्ह एंड झाला. लेन जॉन्सन तर क्वार्टरबॅक होता, टॅकल झाला." बरोबर, झाले (डिफेन्सिव्ह एंड म्हणजे डिफेन्सच्या लाइनच्या टोकाचा, आणि इथला टॅकल म्हणजे ऑफेन्सच्या लाइनमधला धिप्पाड ब्लॉकर). पण वॉट सेंट्रल मिशिगन सोडून विस्कॉन्सिनला विना-स्कॉलरशिप गेला आणि तिथे वर्षभर मॅचशिवाय घासला. जॉन्सन क्वार्टरबॅकवरून टाइट एंड, मग डिफेन्सिव्ह एंड, मग टॅकल असा गेला, आणि त्याला काही वर्षं लागली. आमच्याकडे मात्र पी हळद आणि हो गोरी, जूनमध्ये आलेल्या पोराला सप्टेंबरपर्यंत तीस पाउंड चढवायचे. चढतात, पण पाय जड होतात, आणि ज्या चपळाईसाठी पोरगा आणला तीच जाते.

बारीकसारीक

समोर सीनियर (शेवटच्या वर्षाचा खेळाडू) आहे म्हणून पोझिशन बदलू नका, तो डिसेंबरमध्ये जातोय.

२०१८ पासून चार मॅचपर्यंत खेळूनही रेडशर्ट राखता यायला लागलं, पण या चार मॅचेस चार वेगळ्या पोझिशन चाखायला नसतात. आणि नियम सारखे बदलतात, चालू वर्षाचं कॉलेजच्या कम्प्लायन्सवाल्याला (नियम सांभाळणाऱ्याला) विचारा, फॅनला नको.

क्वार्टरबॅकचाच काय, कुठल्याच पोझिशनचा हट्ट नको. रिचर्ड शर्मन स्टॅनफर्डमध्ये रिसीव्हरचा कॉर्नर झाला, ज्युलियन एडेलमन केंट स्टेटला क्वार्टरबॅक होता आणि एनएफएलमध्ये रिसीव्हर झाला. बापाने हे एकदा शांतपणे वाचावं आणि कोचला ईमेल करू नये.

स्पेशल टीम्सला (किकच्या डावांसाठीच्या टीम) कमी लेखू नका. नवीन पोराची खरी परीक्षा किकऑफ कव्हरेजवर (आपण किक मारल्यावर समोरच्या बॉलवाल्याला अडवायला पळणं) होते, प्लेबुक जवळजवळ नसतंच, फक्त पळायचं आणि समोर ब्लॉकर येतो. त्याला अंगावर घेऊन आरपार जातो तो खाली बॉक्समध्ये खेळेल, आणि बाजूने सटकून बॉल गाठतो त्याला मागे ठेवा. ही क्लिप पोझिशन कोचेस बऱ्याचदा उघडतच नाहीत, कारण ती दुसऱ्याच रूमच्या फोल्डरमध्ये असते.