पार्किंगचा किंवा गोठ्याचा काँक्रीट कोबा करताय? या चुका टाळा

पुण्याजवळच्या मांजरी गावात आमच्या घराशेजारी गाडीसाठी शेड केली तेव्हा खालचा कोबा दिसायला एकदम मस्त झाला होता, पण पहिल्याच उन्हाळ्यात मधोमध तडा गेला, पावसाळ्यात तो मिटल्यासारखा वाटला आणि पुढच्या मे महिन्यात परत उघडला, तोपण एक बाजू बोटभर खाली बसूनच. तोडून बघितलं तर काँक्रीट चांगलं टणक होतं. खाली काळी माती तशीच ठेवलेली आणि ती सुकून आकसल्यामुळे आत हात जाईल एवढी पोकळी झालेली. तेव्हापासून कोणी कोब्याचं विचारलं की मी आधी खालची जमीन कसली आहे ते विचारतो, सिमेंट कुठलं घेताय ते नंतर.

काळी माती पाणी पिली की फुगते, सुकली की भेगाळते. ती निदान दीड फूट तरी काढा आणि मुरूम भरा. इथे सगळ्यात जास्त घाई होते, मुरमाची अख्खी ट्रॉली ओततात, वरून जेसीबी दोनदा फिरवतात की झालं काम, पण दाबला जातो फक्त वरचा थर, खालचा मऊच राहतो. सहा-सहा इंचाचे थर करा, प्रत्येक थरावर पाणी मारा आणि धुम्मसने नाहीतर भाड्याच्या प्लेट कॉम्पॅक्टरने दाबा. टाच जोरात मारून बघा, खळगा पडला तर अजून दाबायचंय. मग 9 इंच सोलिंग, दगडांच्या फटी मुरमाने भरून, वर प्लास्टिकचा जाड कागद. शेडच्या पागोळ्यांचं पाणी कोब्याच्या कडेला मुरणार नाही हेपण बघा, नाहीतर माती परत तोच खेळ करते.

सळई जमिनीवर अंथरून "ओतताना वर उचलू" असं मिस्त्री म्हणाला तर थांबवा त्याला. कोणी उचलत नाही, आणि उचलली तरी पायाखाली परत दबते. 5 इंचाच्या कोब्यात जाळी वरून साधारण दोन इंचावर पाहिजे, त्यासाठी खाली सळईच्या खुर्च्या, म्हणजे वाकवलेल्या सळईचे आधार ठेवा.

आता पाणी. वाघोलीची खडी, चांगली क्रश सँड, ताजं सिमेंट सगळं आणाल आणि मिक्सरवर पोरगं पाइप धरून बसलं की सगळं गेलं. ५० किलोच्या गोणीला २५ लिटर पाणी, एम-२० च्या (हा काँक्रीटच्या ताकदीचा दर्जा) मालाला ह्याच्या वर जाऊ नका, आणि क्रश सँड ओली असेल तर त्यातलं पाणीपण ह्यातच धरायचं. आम्ही रंगाची रिकामी 20 लिटरची बादली घेतली, आत खिळ्याने खूण केली आणि पाइप मिक्सरपासून लांब नेऊन ठेवला. माल घमेल्यातून पडल्यावर ढीग करून राहिला पाहिजे, पसरत वाहायला लागला तर पाणी जास्त झालंय. आरएमसी, म्हणजे प्लांटमधून गाडीने येणारं तयार काँक्रीट, मागवलं तरी तेच, गाडी आली की "जरा पातळ करा" म्हणून ड्रममध्ये पाणी सोडायला लावू नका.

ओतून पट्टी मारली की वर पाणी येतं, ते आधी सुकून जाऊ द्या. तसंच त्यावर कोरडं सिमेंट भुरभुरून थापी फिरवली की आज गुळगुळीत दिसतं आणि वर्षभरात पापुद्रे आणि धूळ सुटते. वरची चमक गेली, बूट ठेवल्यावर फक्त हलका ठसा उमटला की मग लाकडी रंधा, म्हणजे सपाट लाकडी थापी फिरवा. गोठ्यात तर गुळगुळीत करूच नका, गाभण जनावर घसरलं तर केवढ्याला पडतं, झाडूने रेघा ओढा आणि मुताच्या गटाराकडे 10 फुटाला दोन इंच उतार द्या.

एप्रिल-मेमध्ये करायचं असेल तर दुपारी चारनंतर ओता. भर उन्हात ओतलं तर दोन-तीन तासांत वर बारीक भेगा पडतात, माल अजून हिरवा, म्हणजे घट्ट न झालेला असेल तर रंधा परत दाबून फिरवला की मिटतात, उशीर झाला की नाही. भिंतीला आणि खांबांना लागून थर्माकोलची पट्टी ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळीच कटर मारा, 10 बाय 20 फुटांचा कोबा असेल तर मधे एक काप, सव्वा इंच खोल. तडा जायचाच असेल तर तो त्या कापात जातो.

क्युरिंगला, म्हणजे काँक्रीट सतत ओलं ठेवायला, वर वाफे करून पाणी साठवा. सकाळ-संध्याकाळ नुसता पाइप मारून मधे वाळू देणं म्हणजे क्युरिंग नाही. पीपीसी (राख मिसळलेल्या) सिमेंटला निदान 10 दिवस, मी 14 ठेवतो. गाडी त्यानंतर, भरलेला ट्रॅक्टर 28 दिवसांनी.

तडा आधीच गेला असेल तर लगेच सिमेंट चोपडू नका. दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा आणि दोन महिने बघा. टोकं तिथेच असतील, दोन्ही बाजू एका पातळीत असतील तर साफ करून इपॉक्सीने भरला तरी चालतं. बोट फिरवल्यावर पायरी लागली तर जमीन खचलीये, तेवढा भाग तोडून मातीपासून परत करावा लागतो, आम्हाला तेच करावं लागलं.