मशिनं तीन, सेटर एक : बॅच वाटताना या चुका टाळा

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या शेडमध्ये एकसारखे तीन सीएनसी (प्रोग्रामवर चालणारे) लेथ आहेत. उत्तरायणाच्या सुट्टीआधी माल निघायलाच हवा म्हणून एकदा मी ६० बुशांचं (पोकळ, नळीसारख्या भागांचं) काम तिन्हींवर वीस-वीस वाटून दिलं. सेटअपला, म्हणजे मशीन त्या कामासाठी तयार करायला, ९० मिनिटं, एका पीसला ३. एका मशिनवर २७० मिनिटं लागली असती, तिघांवर १५० मध्ये उरकेल असा माझा हिशेब. आमचे सेटरकाका दांडिया बाजारातले, बोलायला कमी. एवढंच म्हणाले, "वाट की, पण सेटिंग करायला मी एकटाच आहे ना."

झालंही तसंच. पहिलं मशीन ९० व्या मिनिटाला सुरू झालं, दुसरं १८० व्या, तिसरं २७० व्या. म्हणजे एकट्या मशिनने सगळं काम जेव्हा संपवलं असतं, तेव्हा तिसऱ्याचा पहिला पीस चकमध्ये (पीस पकडणाऱ्या भागात) चढत होता. शेवटचा पीस उतरला ३३० व्या मिनिटाला. तीन मशिनं लावून एक तास उशीर!

बॅच फोडण्याआधी मशिनं मोजू नका, सेटर मोजा. पहिलं मशीन सुरू झाल्यावर तिथलं उरलेलं काम दुसऱ्याच्या सेटअपपेक्षा जास्त वेळ चालणार असेल, तरच दुसरं मशीन हातात घ्या. त्या ६० बुशांसाठी ४५ आणि १५ अशी वाटणी केली असती तर दोन्ही मशिनं २२५ व्या मिनिटाला मोकळी झाली असती. वाचली असती ४५ मिनिटं, तीही दुसऱ्या मशिनची सेटअपची ९० मिनिटं खर्चून. त्या वेळात तिथे दुसरं बिलाचं काम निघत असेल तर हा सौदाही नको.

मोठ्या ऑर्डरला तिन्ही मशिनं लावाच, पण सारखे भाग करू नका. वाटणी भावांची असल्यासारखी समान करायची सवय आपल्याला फार. ६०० पीस दोनशे-दोनशे दिले तर काम ८७० मिनिटांनी संपतं. २३०, २००, १७० दिले तर तिन्ही मशिनं एकदम ७८० व्या मिनिटाला थांबतात. दीड तास फुकटात मिळाला. एखादं मशीन जुनं असून ३ ऐवजी ४ मिनिटं घेत असेल, तर त्याच्या वाट्याचे पीस आणखी कमी करा. पीस सारखे नकोत, संपण्याची वेळ सारखी हवी.

वेगवेगळी कामं असतील तर लांबलचक काम आधी चढवा. शेवटी ठेवलं तर एक मशीन रात्रभर चालतं आणि बाकीची झोपतात. मात्र हा नियम डोळे झाकून वापरू नका. ३, ३, २, २, २ तासांची पाच कामं दोन मशिनांवर या नियमाने लावली तर ७ तास लागतात. दोन्ही ३ तासांची एकीकडे आणि बाकीची दुसरीकडे टाकली तर ६. कागदावर दोन मिनिटं घालवली की हे दिसतं.

माल ग्राइंडिंगला दुसऱ्या शेडला जात असेल तर पूर्ण बॅच संपायची वाट कशाला बघायची? पन्नास-पन्नासचे क्रेट पाठवत राहा. सेटअपसाठी बॅच मोठी ठेवणं आणि माल हलवायला मोठा ढीग साचवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

यातला सर्वांत महाग धडा क्रेटचाच. तिन्ही मशिनांचे पीस एकाच क्रेटमध्ये टाकले, आणि एकाचा बोअर ऑफसेट (भोकाच्या मापाची सेटिंग) चुकून मोठा लागला होता. मग सगळा माल गेजवर मापून तपासला, रात्री दोनपर्यंत. तेव्हापासून प्रत्येक मशिनचा पहिला पीस वेगळा तपासतो आणि क्रेटला मशिनचा नंबर खडूने लिहितो.

आणि सेटअपची ९० मिनिटं हे काही ब्रह्मवाक्य नाही. टोयोटाच्या १००० टनी प्रेसचा सेटअप जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगो यांच्या पद्धतीने ४ तासांवरून दीड तासावर आणि पुढे ३ मिनिटांवर आला. आपल्याकडे निदान जॉ (चकचे पीस धरणारे जबडे), टूल आणि प्रोग्राम मशीन चालू असतानाच तयार ठेवता येतात. सेटअपचा खर्च चौथ्या हिश्श्यावर आला की किफायतशीर बॅच निम्मी होते, कारण बॅचचा आकार सेटअप खर्चाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. आम्ही अजून ५५ मिनिटांवरच आहोत. काकांनी जॉसाठी भिंतीवर फळी ठोकून मागितली आहे, ती या रविवारी बसेल.