जुनी मानस कशी पाहावी

मानस म्हणजे गोव्यातल्या खाजनाच्या, म्हणजे नदीकाठी बांध घालून राखलेल्या खारट शेतजमिनीच्या, बांधातलं पाण्याचं दार. ती बघायची तर आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. सवड मिळाली म्हणून भलत्याच वेळी बांधावर गेलात तर चिऱ्यांची भिंत आणि काळ्या पडलेल्या फळ्या, एवढंच दिसेल. ओहोटी संपायच्या तासभर आधी पोचा आणि पाणी वळून दार मिटेपर्यंत तिथून हलू नका. पुनव-अवसेच्या आसपासचे दिवस उत्तम. तेव्हा मुरगावला भरती-ओहोटीतला फरक २ मीटरच्या आसपास जातो. ही वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते.

माझं आजोळ जुवारी नदीकाठचं. मामा मला बांधावर बसवून म्हणायचा, ‘‘उदक पळय, दार मागीर.’’ म्हणजे आधी पाणी बघ, दार नंतर. तुम्हीही तसंच करा. ओहोटीला खाजनातलं, पोंयीतलं (दाराआतल्या तळ्यातलं) पाणी दार ढकलून नदीकडे धावतं. मग धार मंदावते. वाहत आलेली गवताची काडी जागीच घुटमळते, गिरकी घेते आणि उलटी आत यायला लागते. नदीचं पाणी आतल्या पाण्यापेक्षा वर चढलं की त्याच्याच दाबाने दार चौकटीवर येऊन टेकतं. फटींतून थोडं पाझरतं, तेवढं चालायचंच. कुणी हात लावलेला नसतो.  खारं पाणी भातशेतीबाहेर ठेवणं एवढंच या दाराचं काम.

आता बांधकाम बघा. दोन्ही बाजूंच्या चिऱ्यांत उभ्या खाचा असतात. त्यांत आडव्या फळ्या सरकवून आत किती पाणी ठेवायचं ते ठरवतात. बांध मात्र मातीचा, आत पेंढा, नदीकडून चिरे. त्यापुढचं खारफुटीचं झुडूप गचपण समजू नका, लाटांचा पहिला मार तेच झेलतं.

ही व्यवस्था पोर्तुगीजांच्या आधीची. गावकारीच्या, म्हणजे गावाच्या सामायिक कारभाराच्या, चालीरीती १५२६ साली पोर्तुगीज अधिकारी अफोंसो मेशियाने फोराल नावाच्या सनदेत लिहून काढल्या, तेव्हाच त्या जुन्या होत्या. मानशीवर जाळं लावून मासे धरायच्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव, व्हायचा आणि अजूनही होतो. १९६४च्या कूळ कायद्यानंतर बांधांची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे आली. माझ्या मते आजचं खरं दुखणं याच पावणीत आहे: जास्त मासळीच्या आशेने दार रात्री उघडं राहतं आणि खारं पाणी शेतात शिरतं. एकदा मीठ मुरलं की कोरगुटासारखं खाऱ्यात तगणारं भातसुद्धा मान टाकतं.

म्हणून फळ्यांचा खालचा भाग नीट बघा. लाकूड पोखरलेलं, बिजागरी गंजलेली, बांधात कुर्ल्यांची (खेकड्यांची) बिळं दिसली तर फोटो काढून गावच्या कुळ संघटनेला त्याच दिवशी कळवा. भोक मुठीएवढं असताना मातीने बुजतं. एका मोठ्या भरतीनंतर तिथे खिंडार पडतं. स्वतः मात्र दाराला हात लावू नका, आणि ओल्या शेवाळलेल्या चिऱ्यांवर चपला घालून चढू नका.